मानवजातीचे भविष्य, बारा मिनिटांत

उदयोन्मुख तंत्रज्ञान आणि मानवजातीचे भविष्य या विषयावरील परिषदेचे पत्रक आमच्या महाविद्यालयाच्या व्हॉट्सॲप गटावर आले, तेव्हा त्यातील उपविषयांची यादी वाचूनच मी निबंध पाठवण्याचे ठरवले. कृत्रिम बुद्धिमत्ता, जनुक संपादन, क्वांटम संगणन, अवकाशातील वस्ती असे सगळे त्यात होते आणि अगदी तळाशी 'सामाजिक व ऐतिहासिक पैलू' अशी एक ओळ होती. मी मुंबईच्या उपनगरातील एका महाविद्यालयात इतिहास शिकवते. अशा याद्यांत आमच्या वाट्याला शेवटची ओळ येते, पण तेवढी पुरते.

विषय घेतला तो भविष्याची चर्चा करणाऱ्या परिषदांच्या भूतकाळाचा. सुरुवात मुंबईच्याच माणसापासून करता येत होती. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय वापरावर संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली, तिचे अध्यक्ष डॉ. होमी भाभा होते, आणि येत्या दोन दशकांत अणुसंमीलनाची, म्हणजे सूर्याप्रमाणे हलकी अणुकेंद्रके एकत्र आणून मिळणारी, ऊर्जा नियंत्रित रीतीने मिळवण्याची पद्धत सापडेल, असे भाकीत त्यांनी अध्यक्षीय भाषणात केले. ती दोन दशके १९७५ मध्ये सरली आणि संमीलनाची वीज काही आली नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातील ॲसिलोमार येथे सुमारे १४० जण जमले. बहुतेक रेण्वीय जीवशास्त्रज्ञ, सोबत काही वकील आणि पत्रकार. पुनर्संयोजित डीएनएचे, म्हणजे एका सजीवाची जनुके दुसऱ्यात जोडण्याचे, काही प्रयोग आदल्या वर्षी जीवरसायनशास्त्रज्ञ पॉल बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या आवाहनावरून थांबले होते, आणि ते कोणत्या अटींवर पुन्हा सुरू करायचे, हा तिथला प्रश्न होता. जोखीम जितकी जास्त तितका प्रयोगशाळेचा बंदोबस्त कडक. वापरायचे जीवाणू बाहेर तगूच शकणार नाहीत असे दुबळे करून घ्यायचे. काही प्रयोग तूर्त करायचेच नाहीत. असे तिथे ठरले आणि १९७६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने त्या धर्तीवर नियम काढले. परिषदेने काय वर्तवले याला फारसे महत्त्व न देता, कोणी काय करायचे आणि केव्हापर्यंत, हे तिने ठरवले का, यावरून तिचे मोल करावे, हे माझे म्हणणे मी गोषवाऱ्यात तीनशे शब्दांत बसवले.

गोषवारा स्वीकारला गेला. पूर्ण निबंधावर मात्र दोन परीक्षकांचे अभिप्राय आले. पहिल्यांनी संदर्भांच्या मांडणीपलीकडे काही म्हटले नव्हते. दुसऱ्यांनी लिहिले होते, 'निबंध अभ्यासपूर्ण आहे, परंतु त्यात भविष्याविषयी काहीच नाही. २०५० च्या अनुषंगाने एक प्रकरण जोडावे.' ज्या सवयीवर निबंध लिहिला, तीच सवय दुरुस्ती म्हणून समोर आलेली पाहून मला गंमत वाटली. निबंध मागे घेण्याचा विचारही डोकावून गेला, पण परीक्षकांच्या मागणीत तथ्य होते: १९७५ वर थांबलेला निबंध आजच्या वाचकाला अर्धाच वाटला असता. म्हणून मी २०५० ऐवजी अलीकडच्या दोन घटना जोडल्या.

एक घटना नोव्हेंबर २०१८ ची. मानवी जनुक संपादनावरील आंतरराष्ट्रीय परिषद हाँगकाँगमध्ये भरली असताना ह च्यानख्वे या चिनी शास्त्रज्ञाने, आपण भ्रूणावस्थेत जनुके बदललेल्या जुळ्या मुली जन्माला आल्या आहेत, असे तिथेच व्यासपीठावरून सांगितले. आयोजकांनी त्या कृत्याला बेजबाबदार ठरवले आणि डिसेंबर २०१९ मध्ये चीनच्या न्यायालयाने त्याला तीन वर्षांची शिक्षा दिली. २०१५ च्या वॉशिंग्टन येथील पहिल्या परिषदेने असे करणे बेजबाबदारपणाचे ठरेल, असे लिहून ठेवले होतेच. ते अमलात आणण्याची जबाबदारी मात्र कोणाच्या गळ्यात पडलेली नव्हती. दुसरी घटना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शिखर परिषदांची. नोव्हेंबर २०२३ मध्ये इंग्लंडमधील ब्लेचली पार्क येथे २८ देश आणि युरोपीय संघ यांनी एका घोषणापत्रावर सहमती दिली. भारत आणि चीन त्यांत होते. त्या घोषणापत्रात कळकळ पुष्कळ आणि तारखा कमी आहेत. पुढच्या वर्षी दक्षिण कोरियातील सोलमध्ये १६ कंपन्यांनी, आपली प्रणाली कोणत्या मर्यादेपलीकडे धोकादायक मानायची याचे निकष फेब्रुवारी २०२५ च्या पॅरिस परिषदेपर्यंत प्रसिद्ध करू, असे कबूल केले. माझ्या मते या मालिकेतील सर्वांत उपयोगी ओळ तीच, कारण कोणत्या कंपनीने तारीख पाळली आणि कोणी नाही, हे कोणालाही पडताळून पाहता येते. पॅरिसच्या जाहीरनाम्यावर अमेरिका आणि ब्रिटन यांनी सही केली नाही, हेही मी लिहिले, पण त्यावर रेंगाळले नाही.

यानंतरचा टप्पा साम्य-तपासणीचा, म्हणजे मजकूर दुसरीकडून उचललेला नाही ना हे सॉफ्टवेअरने पाहण्याचा. निबंध मराठीत होता, पण घोषणापत्रांतील इंग्रजी उतारे अवतरणात जसेच्या तसे होते, आणि सॉफ्टवेअरने नेमके तेच लाल केले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही आणि श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर तपासणीतून वगळायचा असतो. तो नियम जोडून समन्वयकांना पत्र लिहिल्यावर त्यांनी अवतरणे वगळून पुन्हा तपासणी केली आणि निबंध मार्गी लागला. ज्यांना हा अनुभव घ्यायचा आहे, त्यांनी नियमाची प्रत आधीच हाताशी ठेवावी. नोंदणी शुल्काच्या पावतीचीही ठेवावी.

परिषदेच्या दिवशी बीजभाषण लांबले आणि प्रत्येक वक्त्याची पंधरा मिनिटे बारांवर आली. आमचे सत्र भूगोल विभागाच्या खोलीत होते. श्रोते म्हणजे बहुतांशी आपापली पाळी येण्याची वाट पाहणारे वक्तेच, आणि त्यांतलेही काही जण निबंध वाचून होताच प्रमाणपत्राच्या टेबलाकडे निघून जात. सत्राध्यक्ष बाईंसमोर शिपायाला बोलावण्याची पितळी घंटी ठेवली होती. मी हाँगकाँगपर्यंत पोहोचले तेव्हा ती पहिल्यांदा वाजली, म्हणून ब्लेचली एका वाक्यात उरकले आणि उरलेला वेळ सोलला दिला.

प्रश्नोत्तरे मात्र अपेक्षेपेक्षा सरस झाली. तुर्भ्याला अणुशक्ती केंद्रात नोकरी केलेले एक निवृत्त गृहस्थ उठले आणि म्हणाले, "मॅडम, भाभांचं भाकीत चुकलं हे खरं. पण जिनिव्हानंतर एका वर्षात इथे अप्सरा अणुभट्टी सुरू झाली, ४ ऑगस्ट १९५६ ला. मोठं स्वप्न दाखवल्याशिवाय पैसा आणि माणसं मिळत नाहीत." आक्षेप वाजवी होता. मी एवढेच म्हणाले की अप्सरेचे काम नेमके माझ्या कसोटीला उतरते: ते ठरावीक माणसांवर सोपवलेले होते आणि ते झाले. भाकिताने माणसे जमतात हे मला मान्य आहे, पण जमल्यावर काय झाले याचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. त्यांना हे कितपत पटले, याची खात्री नाही.

मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, ॲसिलोमारला प्रयोगशाळेत नळ्या धुणाऱ्यांपैकी कोणी होतं का? संसर्ग झाला असता तर आधी त्यांनाच झाला असता ना?" ती परिषद मुख्यतः शास्त्रज्ञांचीच होती आणि जैविक शस्त्रे व मानवी जनुकांतील बदलांची नैतिकता हे प्रश्न तिने मुद्दाम बाजूला ठेवले होते, यावरून तिच्यावर पुढे टीका झाली, हे मी सांगितले. निबंधात मी ॲसिलोमारचे कौतुक थोडे सैल हाताने केले होते; अंतिम प्रत देताना त्या परिच्छेदात या प्रश्नाची भर घातली आणि तळटीपेत तिचा उल्लेख 'सत्रातील एक विद्यार्थिनी' असा केला.

समारोपात ठराव वाचला गेला. तंत्रज्ञानाचा वापर मानवी मूल्यांच्या चौकटीत व्हावा आणि संबंधितांनी त्या दृष्टीने योग्य ती पावले उचलावीत, असा त्याचा आशय होता. खुल्या चर्चेत मी हात वर करून, ठरावाची प्रत कोणाकडे जाणार आणि उत्तर कोण मागणार, असे विचारले. मंचावर थोडी कुजबुज झाली. मग समन्वयकांनी माइक घेऊन, प्रत विद्यापीठाच्या अभ्यास मंडळांकडे आपण स्वतः पाठवू आणि आलेले उत्तर पुढच्या परिषदेच्या पत्रकात छापू, असे सांगितले. इतिवृत्त लिहिणाऱ्या सरांना ते वाक्य समन्वयकांच्या नावासह नोंदवण्याची मी विनंती केली आणि त्यांनी ते माझ्यासमोरच लिहून घेतले.