आमची वाटचाल : किंमत मोजताना नवी, भरपाई देताना जुनी

चिपळूणच्या बाजारपेठेतला आमचा छापखाना वडिलांनी १९८८ साली एक ट्रेडल (पायाने मारायचं छपाईयंत्र) आणि चार केस खिळे (अक्षरांचे सुटे ठसे) यांवर सुरू केला. ऑफसेट मी आणलं. २६ जुलै २००५ ला पाणी आत शिरलं, तेव्हा शहाणे होऊन ते ऑफसेटचं मशीन, डॉमिनंट, तीन फुटी चौथऱ्यावर चढवलं. मधली सोळा वर्षं बिलबुकं, लग्नपत्रिका आणि निवडणुकीची पत्रकं यांत गेली. सांगण्यासारखं काही नाही.

२२ जुलै २०२१ ला दुकानात आठ फूट पाणी होतं. चौथऱ्याची काय पत्रास! कोळकेवाडी धरणाचं पाणी की भरतीचं, हा वाद गावात अजून चालू आहे. आम्हाला गाळ तेवढा मिळाला. रोलर, ब्लँकेट, पॅनेल, मोटर, कटिंग मशीन सगळं त्यात. मॅपलिथो, म्हणजे छपाईचा साधा कागद, भिजला तरी वाळवून चिठ्ठ्या-चपाट्यांना चालतो. आर्ट पेपरच्या रिमा भिजल्या की कोटिंग एकमेकांना चिकटून थप्पीची वीट होते. ती फोडायला पहार लागली.

विमा होता. म्हणजे बँकेने उतरवला होता, आणि तोही कर्जाच्या शिल्लक रकमेकडे बघून: मशीनला नऊ लाख, मालाला चार लाख. पॉलिसीचा कागद मी पुरानंतर पहिल्यांदा वाचला. एप्रिल २०२१ पासून छोट्या उद्योगांसाठी नवी पॉलिसी आली होती, तिच्यात पंधरा टक्क्यांपर्यंत विमा कमी असला तरी चालतो. आमचं नूतनीकरण फेब्रुवारीतलं. दोन महिने!

नुकसान मोजायला सर्व्हेअर आले. माणूस वाईट नव्हता, पण त्याला नेमते कंपनी, हे तेव्हा माझ्या डोक्यात नव्हतं. मी त्यांना आपला माणूस समजून चहा पाजला आणि जे विचारतील ते तोंडी सांगत बसलो. डिसेंबरात कंपनीचं पत्र आलं : दोन लाख ऐंशी हजार दोनशे पन्नास, फुल अँड फायनल, व्हाउचरवर सही करून पाठवा. नुसत्या मशीनच्या दुरुस्तीचं बिल चार लाख ऐंशी हजारांचं होतं.

मी सही करणार होतो. चार महिने ऑफसेट बंद, कामगारांची उचल थकलेली, आणि डोंगराच्या अंगाला असलेला दुसरा छापखाना आमच्या गिऱ्हाइकांना सांगत होता की "ते आता संपले, पत्रिका आमच्याकडेच टाका." त्याच्याकडे पाणी आलं नाही यात त्याचं कर्तृत्व शून्य. असो.

मेव्हण्याने सांगलीच्या एका निवृत्त विमा अधिकाऱ्यांचा नंबर दिला. २०१९ च्या कृष्णेच्या पुरात त्यांनी बऱ्याच दुकानदारांचे कागद लावून दिले होते. एसटीने आले, पाय धुतले आणि म्हणाले, "मालक, सही करू नका. आधी सर्व्हे रिपोर्टची प्रत मागवा, तो तुमचा हक्क आहे."

रिपोर्ट आल्यावर त्यांनी लाल पेन घेतलं. भरपाई देताना सर्व्हेअरने सुट्या भागांवर घसारा, म्हणजे वापराची झीज, कापून चार लाख ऐंशीचे तीन लाख वीस केले होते. मशीन जुनं आहे, कबूल. पण विमा पुरेसा होता का हे ठरवताना त्याच मशीनची किंमत धरली नव्या मशीनची, अठरा लाख! किमतीच्या मानाने विमा जितका कमी, त्या प्रमाणात भरपाई कमी. नऊ भागिले अठरा, म्हणून तीन लाख वीसचे निम्मे झाले, एक लाख साठ. साहेब म्हणाले, "जुनं धरायचं तर दोन्हीकडे जुनं धरा." जुन्या मशीनची किंमत दहा लाख ठरते; म्हणजे निम्मे नव्हे, नव्वद टक्के. मी तेहतीस वर्षं हिशेब लिहितोय, मला हे दिसलं नव्हतं.

मालाचं दुसरं दुखणं. रजिस्टर गाळात गेलेलं, म्हणून अर्धाच माल धरला होता, वर त्यातून पंचवीस टक्के रद्दीची किंमत वजा. साहेबांनी जीएसटी पोर्टलवरून खरेदी काढायला लावली, कोल्हापूरच्या कागदवाल्याकडून खातेउतारा आणवला, तीन भंगारवाल्यांकडून लिहून घेतलं की हा कागद फुकटही उचलणार नाही. पुतण्याने पहिल्याच दिवशी थप्प्यांचे व्हिडिओ काढले होते, तेही लावले. म्हणून सांगतो, गाळ काढण्याआधी प्रत्येक मशीनच्या नंबरप्लेटचा फोटो घ्या, आणि स्टॉकचा कागद दर महिन्याला दुसऱ्या गावच्या नातेवाइकाला व्हॉट्सअॅप करा. आणि टक्केवारी मागणारा सल्लागार दारात उभा करू नका. आमच्या साहेबांनी गाडीभाडं आणि ठरलेले पंधरा हजार घेतले.

कंपनीच्या तक्रार विभागाला नऊ पानी पत्र गेलं. महिन्यात उत्तर नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाऊ, एवढं शेवटी लिहिलं. तिथे फी नाही, आणि एकट्याच्या मालकीच्या धंद्याची तक्रार घेतात. जावं लागलं नाही. मार्च २०२२ मध्ये, पॉलिसीप्रमाणे आपणच सोसायचे पाच टक्के वगळता, सहा लाख पंधरा हजार सहाशे जमा झाले.

पण छापखाना त्या पैशांनी उघडला नाही. तो उघडला किराणा होलसेलच्या शेठमुळे. त्यांचं स्वतःचं गोदाम साखरेच्या पाकाने भरलेलं, तरी सहाव्या दिवशी चिखलाच्या पायांनी आले, पन्नास बिलबुकांचे पूर्ण पैसे टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "मशीन चालेल तेव्हा दे." वीज नव्हती. वडिलांची ट्रेडल कोपऱ्यात होती, तिला मोटर लागत नाही. रॉकेलने धुतली, ग्रीस भरलं, पायाने मारली. बिलांवर क्रमांक मारणाऱ्या नंबरिंगच्या डबीत गाळ राहिला असावा, दशकाचं चाक एकदा अडकून उडालं. त्या बिलांत ४१७ नंतर थेट ४२८ आहे. शेठच्या सीएने मधली दहा बिलं कुठे म्हणून विचारलं. शेठ म्हणाले, "पुरात गेली."