कणकुंबीच्या ओढ्यावरचा नर रातांबा

बेळगावहून चोर्ल्याकडे जाणारी बस पिरनवाडी मागे टाकते तोवर दोन्ही बाजूंना उघडी शेतंच दिसतात. कुसमळीला मलप्रभेचा पूल ओलांडला की हवा बदलते, आणि जांबोटीनंतर रान रस्त्याला येऊन भिडतं. मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. मी मामाच्या गावी, कणकुंबीला निघाले होते ते फक्त रातांब्यासाठी, म्हणजे कोकमाच्या झाडासाठी. जानेवारीत फुलं बघून गेले होते, आता फळं बघायची होती.

शहरात वाढलेल्या आम्हाला आमसूल म्हणजे बेळगावच्या रविवार पेठेतल्या दुकानातून पुडीत बांधून येणारी काळपट सालं. ती कोकणातून येतात एवढंच माहीत. भौगोलिक मानांकनही रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमाला मिळालेलं. पण आपल्याच खानापूर तालुक्यात हे झाड कुणी न लावता ओढ्याकाठी उभं आहे, हे मला तिशी उलटल्यावर कळलं.

कणकुंबीत माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते, 792 मीटर उंचीवर. तिचं पाणी पूर्वेला जाऊन कूडलसंगमला कृष्णेत मिसळतं. त्याच डोंगरमाथ्यापलीकडचं पाणी म्हादईतून गोव्याच्या समुद्राला जातं. रातांबा मुळात किनाऱ्याचा आणि पश्चिम घाटाच्या उताराचा. समुद्रसपाटीपासून साधारण आठशे मीटरपर्यंत तो चढतो, म्हणजे कणकुंबीत तो आपल्या वरच्या हद्दीवर उभा आहे. त्याला भरपूर पाऊस, दमट हवा आणि लहानपणी मोठ्या झाडांची सावली लागते. ते सगळं इथे ओढ्याच्या घळीत आयतं मिळतं.

लांबून ओळखायचं तर त्याचा आकार बघायचा. खाली रुंद, वर निमुळता, आणि फांद्यांची टोकं लवलेली. जुनी पानं गर्द हिरवी, चकचकीत, समोरासमोर जोडीने येणारी. कोवळी पालवी मात्र तांबूस. फळ लिंबापेक्षा थोडं मोठं, पिकलं की गडद लालजांभळं. फोडलं की आत आंबटगोड पांढरट गरात पाच ते आठ बिया. गोव्यात याला भिरंड म्हणतात, कन्नडमध्ये मुरुगलु.

पण मला सांगायचंय ते जानेवारीतल्या फुलांबद्दल. ओढ्यावर अगदी शेजारी शेजारी दोन झाडं आहेत. एकाकडे बोट दाखवून मामा म्हणाला, "हे वांझ. वीस वर्सं झाली, एक फळ नाही. औंदा तोडून टाकतो, सरपणाला होईल."

मी फांदी खाली ओढली. चार पाकळ्यांची, जाड, पिवळसर फुलं झुबक्याने आली होती, आणि प्रत्येकाच्या मधोमध पुंकेसरांचा गच्च गोळा. शेजारच्या झाडावर फुलं एकेकटी, फांदीच्या टोकाला. मधे गोल बीजांडकोश. मी दोन्ही फुलं मामाच्या तळहातावर ठेवली. "मामा, हे वांझ नाही. हा नर आहे."

रातांब्यात नर झाड वेगळं, मादी वेगळं. बियांपासून आलेल्या रोपांत जवळजवळ निम्मी नर निघतात, आणि कोणतं काय हे फूल येईपर्यंत, म्हणजे सात-आठ वर्षं, कळायला मार्ग नसतो. तेवढी वर्षं पाणी घालून फळ दिसलं नाही की माणूस कोयता उचलतो. मला तो राग समजतो. पण कलमांची बाग लावतानासुद्धा मादी कलमांबरोबर थोडी नर कलमं मुद्दाम लावतात, ती परागकणांसाठी. रानात ते काम हीच झाडं करतात. त्यांना वांझ म्हणणं मला फार लागतं. बाईला म्हटलं तरी लागतं, झाडाला म्हटलं तरी. मामा बराच वेळ फुलांकडे बघत राहिला. "इतकी वर्सं बघतोय, फूल कधी बघितलंच नाही की," एवढंच म्हणाला.

मे महिन्यात पोचले तेव्हा मामीच्या अंगणात चटया पसरलेल्या होत्या. फळं फोडून, बिया काढून, सालं आधी फळांच्याच मीठ घातलेल्या रसात बुडवायची, मग उन्हात वाळवायची, परत रसात, परत उन्हात. चार-पाच वेळा तरी. दर फेरीला लाल रंग काळवंडत जातो. मामीची बोटं जांभळी झाली होती. बियाही टाकत नाहीत. त्या वाळवून, फोडून, मगज कुटून पाण्यात उकळला की वर तेल येतं. ते थिजलं की फिकट, कडक गोळा होतो. भेगाळलेल्या टाचांना मामी दुसरं काही लावत नाही.

खरी काळजी आभाळाची. फळ पिकायचा काळ आणि वळवाचा काळ एकच. पावसात फळ झाडावरच कुजतं, आणि वाळत घातलेल्या सालांना बुरशी धरते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या कोकण अमृता जातीचं बहुतेक फळ पावसाआधी हाती येतं, म्हणून तिचं मोल. मामाच्या रानातल्या झाडांना असला हिशेब नाही. माकडांनी खाऊन उरलं आणि पावसाने ठेवलं, तेवढं आपलं.

दुपारी चोर्ल्याच्या बाजूने ढग आले. "बाय, चटया उचल, चटया!" मामी ओरडली. आम्ही दोघी सालं भराभर सुपात भरत होतो, तोवर मामा ओढ्याकडून आला, हातात चुन्याचा डबा. थेंब पडायच्या आत मी धावत जाऊन बघून आले. नर झाडाच्या बुंध्याला पांढरा पट्टा ओढला होता, लाकूडतोड्याने हात लावू नये म्हणून. चुना अजून ओलाच होता.