ठिपके न उमटलेली स्लाइड

प्रयोग फसला की आमच्या प्रयोगशाळेत पहिला आळ अँटिबॉडीवर, म्हणजे ठरावीक प्रथिनाला शोधून चिकटणाऱ्या रेणूवर येतो, आणि जुलैतल्या त्या मंगळवारी तो तिच्यावर मीच घेतला. सेन्प-ए या प्रथिनाची अँटिबॉडी आम्ही प्रथमच मागवली होती. कोल्हापुरात पोचण्याआधी ती शनिवार-रविवार कुरिअरच्या गोदामात पडून राहिली आणि पेटी उघडली तेव्हा जेलपॅकचे पाणी झाले होते. एवढ्याने अँटिबॉडी सहसा बिघडत नाही हे ठाऊक असूनही माझ्या मनाने निकाल देऊन टाकला होता.

सेन्प-ए हे हिस्टोन एच-३ या डीएनए गुंडाळणाऱ्या प्रथिनाचे सेंट्रोमियरपुरते, म्हणजे गुणसूत्राच्या आवळलेल्या जागेपुरते राखीव रूप असून ते लहानसे, जेमतेम १७ किलोडाल्टनचे असते. आमची एक विद्यार्थिनी नरक्या या औषधी झाडाच्या अर्काचा स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-७ पेशींवर होणारा परिणाम अभ्यासते. अर्क दिलेल्या पेशींत मुख्य केंद्रकाशेजारी छोटी सूक्ष्मकेंद्रके दिसत होती. त्यांत या अँटिबॉडीने उमटणारा सेंट्रोमियरचा ठिपका असेल तर अख्खे गुणसूत्र मागे राहिले आणि नसेल तर तुटका तुकडा, एवढा सरळ हिशेब होता. नरक्यातले कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य टोपोआयसोमरेज-१ या डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या विकराला अडवून डीएनए तोडते, त्यामुळे बहुतेक सूक्ष्मकेंद्रके बिनठिपक्याची निघावीत, अशी आमची अपेक्षा होती.

स्टेनिंगच्या, म्हणजे पेशी रंगवण्याच्या बाबतीत मी हट्टी आहे. फॉर्माल्डिहाइडच्या जाळ्यात हे प्रथिन झाकले जाऊ शकते, म्हणून उणे २० अंशांच्या मिथेनॉलमध्ये दहा मिनिटे. पॅराफिल्मवर अँटिबॉडीचा ५० मायक्रोलिटरचा थेंब आणि त्यावर पालथी कव्हरस्लिप, म्हणजे महागडी कुपी महिनोन्‌महिने पुरते. मग ओल्या टिश्यूच्या डब्यात रात्रभर चार अंशांवर. सकाळी हिरव्या फिल्टरमध्ये नुसता अंधार होता. अर्क न दिलेल्या पेशींतही एक ठिपका नव्हता. त्याच सेकंडरीने, म्हणजे पहिल्या अँटिबॉडीला चिकटून चमकणाऱ्या दुसऱ्या अँटिबॉडीने, पेशीच्या सांगाड्यातले ट्युब्युलिनचे धागे मात्र लख्ख दिसत होते. निळ्या फिल्टरमध्ये डॅपी या डीएनएच्या रंगाने केंद्रके भरघोस चमकत होती आणि प्रत्येकात वरीच्या दाण्यांसारखे ठळक पुंजके होते. ‘डॅपी छान आलंय,’ असे मी म्हणाले आणि फिल्टर बदलला. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

अँटिबॉडीचे काय ते ठरवावे म्हणून दुपारी मुलाच्या डब्याच्या पिशवीत बर्फ घालून, सेन्प-एची आणि सेकंडरीची अशा दोन्ही कुप्या घेऊन, भर पावसात शाहूपुरीतल्या मैत्रिणीची पॅथॉलॉजी लॅब गाठली. तिच्याकडे एएनए तपासणीची (रुग्णाच्या रक्तात केंद्रकाविरुद्धच्या अँटिबॉडी आहेत का ते पाहणारी) बॅच आठवड्यातून एकदाच लागते आणि त्या दिवशी हेप-२ या मानवी पेशींच्या स्लाइडवर दोन खाने रिकामे होते. तासाभराने तिने मला आयपीसवर बसवले. केंद्रकांत विखुरलेले टोकदार हिरवे ठिपके, आणि विभाजनाच्या मध्यावर असलेल्या पेशींत तेच एका ओळीत. मर्यादित स्क्लेरोडर्मा या त्वचा कडक करणाऱ्या आजाराच्या रुग्णांच्या सीरमने उमटणारा हा नमुना तिच्या ओळखीचा होता. अशाच सीरमांच्या मदतीने १९८५ साली अर्नशॉ आणि रॉथफिल्ड या संशोधकांनी सेन्प-ए, बी आणि सी ही प्रथिने वेगळी ओळखली होती.

अँटिबॉडी निर्दोष सुटली. चहा घेताना मैत्रीण हसत म्हणाली, “या हेप-२ तरी कुठे खऱ्या आहेत गं? घशाच्या म्हणून खपल्या आणि निघाल्या हेला!” ते खरेच आहे. १९५१ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून वाढवलेल्या हेला पेशींनी कितीतरी सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या पेशी, त्यांत मिसळून अशा गिळल्या आहेत. मी हसले आणि कप खाली ठेवताना ते निळे पुंजके आठवले. उंदराच्या गुणसूत्रांवर सेंट्रोमियरलगतचा ए-टी-बहुल (ए आणि टी ही अक्षरे जास्त असलेला) डीएनए एकत्र गोळा होतो आणि डॅपीखाली असाच झळकतो. माणसाच्या केंद्रकात तसे दिसत नाही. आमची अँटिबॉडी मानवी प्रथिनाच्या ज्या टोकावर बेतलेली होती, ते टोक उंदरात वेगळे असते, आणि सोबतच्या माहितीपत्रकात ‘फक्त मानवी’ असे छापलेलेही होते. पेशी गोठवून ठेवण्याच्या क्रायोकॅनमध्ये एमसीएफ-७च्या शेजारच्या खणात ४टी१ आहेत, त्याही स्तनाच्या कर्करोगाच्याच, पण उंदराच्या. पेशी अलीकडे भलत्याच जोमाने वाढतात म्हणून आम्ही त्यांच्या खाद्यातल्या नव्या सीरमचे कौतुक करत होतो.

दुसऱ्या दिवशी पेशींचे विभाजन मध्यावर थांबवणारे कोल्सेमिड देऊन गुणसूत्रे पसरली. जवळजवळ सगळ्यांचे सेंट्रोमियर उंदरात असते तसे एका टोकाला होते, आणि माणसाच्या पेशीत हमखास दिसणारे मधोमध आवळलेले मोठे गुणसूत्र एकही सापडले नाही.

सरांनी नमुना प्रजाती-तपासणीला पाठवला आणि अहवाल येईपर्यंत कुणाशी बोलू नका असे बजावले. अँटिबॉडीसाठी तीन कोटेशने मागवणारी आमची व्यवस्था पेशींची ओळख तपासायला कधी पैसे काढत नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगितले. पुढचे मात्र सांगितलेले नाही. एमसीएफ-७ म्हणून वापरलेली ती पेशींची कुपी कधी गोठवली हे नोंदवहीत पाहिले, तर पान माझ्या हातचे आहे आणि त्याच दुपारी ४टी१ही मीच गोठवल्या होत्या. विद्यार्थिनीची आठ महिन्यांची रीडिंग त्या कुपीवर उभी आहेत. ती आजही सकाळी आली, नरक्याची वाळलेली साल तोलायला बसली आणि म्हणाली, “मॅडम, नवीन अँटिबॉडी कधी मागवायची?”