दुपारीच रुसणारं सीटी

मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं १६ स्लाइसचं सीटी स्कॅनचं मशीन दुपारी मध्येच थांबायला लागलं. स्कॅन सुरू व्हायचा, टेबल सरकायचं आणि अर्ध्यावर गॅन्ट्रीचा (ज्या गोल कड्यातून टेबल सरकतं त्याचा) कॉम्प्युटरशी संपर्क तुटल्याचा एरर यायचा. डोक्याचा साधा स्कॅन असला तर पुन्हा घेता येतो, पण रुग्णाला एक्स-रेचा डोस फुकट जास्त बसतो. त्या दिवशी टेबलावर पोटाचा कॉन्ट्रास्ट स्कॅन होता, म्हणजे शिरेतून औषध देऊन घ्यायचा. सेकंदाला ३ मिली वेगाने ८० मिली औषध शिरेत गेलं होतं आणि ७० व्या सेकंदाची पोर्टल फेज (औषध यकृताच्या शिरांत पोचतं ती वेळ) निम्मी झाली असताना मशीन थांबलं. सिस्टिम पुन्हा उभी राहायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तोवर ती वेळ निघून गेलेली असते आणि औषध मूत्रपिंडातून उतरून मूत्राशयात जमा व्हायला लागलेलं असतं. लगेच दुसरा डोस देता येत नाही. रुग्णाला यवतमाळला पाठवावं लागलं.

कंपनीचा इंजिनिअर आधी येऊन एक बोर्ड बदलून गेला होता. नागपूरहून निघालेला माणूस संध्याकाळीच पोचतो, रात्री फँटम (रुग्णाऐवजी ठेवायचा चाचणीचा ठोकळा) ठेवून स्कॅन घेतो, सगळं ठीक येतं आणि सर्व्हिस रिपोर्टवर सही होते. दुसऱ्या दुपारी पुन्हा तोच एरर. आमचा टेक्निशियन वैतागून म्हणाला, "सर, रात्री बराबर चालते, मंग दुपारीच काऊन बंद पडते?"

शोध घ्यायचा तो इथूनच. एरर लॉग काढून फक्त वेळा कागदावर उतरवल्या. सगळ्या बारा ते पाचच्या दरम्यानच्या होत्या. दुपारी गावात घरोघरी कूलर चालू असतात, सगळे सिंगल फेजवर. ट्रान्सफॉर्मरच्या तीन फेजवरचा भार असमान होतो, न्यूट्रलमधून करंट वाहतो आणि न्यूट्रलचा व्होल्टेज वर चढतो. सीटीच्या पॅनलवर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मल्टिमीटर लावला. सकाळी दोन व्होल्टच्या आत दिसणारा आकडा दुपारी ११ वर गेला होता. हा फरक वाढला की गॅन्ट्री आणि कॉम्प्युटरमधले सिग्नल बिघडू शकतात. सर्व्हो स्टॅबिलायझर फेजचा व्होल्टेज सांभाळतो, याला तो हात लावत नाही.

मग अर्थिंग मोजलं. मशीन बंद, पिटची (अर्थिंगचा इलेक्ट्रोड पुरलेल्या खड्ड्याची) पट्टी सोडवलेली, आणि तीन टोकांचा अर्थ टेस्टर. करंटची सळई जितकी लांब, त्याच्या ६२ टक्के अंतरावर व्होल्टेजची सळई ठोकायची. आवारात सगळीकडे पेव्हर ब्लॉक असल्यामुळे सळया शेजारच्या रिकाम्या पऱ्हाटीच्या वावरात ठोकल्या, तिथली माती पाणी टाकून ओली केली. मशीनच्या साइट मॅन्युअलमध्ये अर्थिंगचा रोध १ ओहमपेक्षा कमी हवा असं लिहिलंय, टेस्टरवर ७ आले.

पिट कुठे आहे हे चौकीदारालाच माहीत होतं. "त्या खड्ड्यावर तं फरशी बसवली नं जी," म्हणाला. फरशी उचलली. पाणी ओतायचं नरसाळं सिमेंटने बुजलेलं, क्लॅम्पवर हिरवा गंज आणि काळी माती इलेक्ट्रोडपासून इतकी सुटलेली की फटीत दोन बोटं जात होती. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. नोव्हेंबरमध्ये घेतलेलं अर्थिंगचं रीडिंग मेमध्ये कामाचं नसतं, ते याचसाठी.

क्लॅम्प घासून नवे नट-बोल्ट लावले आणि पिटमध्ये चाळीस लिटर पाणी ओतलं. थोड्या वेळाने रीडिंग ३ वर आलं. खरं काम पुढच्या आठवड्यात झालं. पहिल्या पिटपासून तीन मीटरवर, मुरमापर्यंत खोल, दुसरा पिट घेतला. त्यात मिठाऐवजी अर्थिंग कंपाउंड भरलं, कारण मीठ धातू खातं. दोन्ही पिट तांब्याच्या पट्टीने जोडल्यावर रीडिंग १ च्या खाली आलं. सीटीच्या अलीकडे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवून त्याच्या बाहेरच्या बाजूचा न्यूट्रल तिथेच अर्थला जोडला, म्हणजे गावच्या न्यूट्रलचा हेलकावा मशीनपर्यंत येत नाही. त्यानंतर तो एरर आला नाही.

हा सगळा खर्च सेंटरचा. सीएमसीत, म्हणजे कंपनीशी केलेल्या देखभालीच्या वार्षिक करारात, सुटे भाग धरलेले असतात, पण वीज, अर्थिंग, एसी आणि उंदरांनी कुरतडलेल्या केबल बाहेर असतात. काही करारांत एक्स-रे ट्यूबही बाहेर असते. '९५ टक्के अपटाइम', म्हणजे इतका वेळ मशीन चालू राहील ही हमी, वाचायला छान वाटतं. वर्षाच्या हिशेबाने ते अठरा दिवस बंद ठेवायची मुभा देतं, आणि विजेमुळे बंद पडलेले दिवस त्यात मोजतच नाहीत. सर्व्हिस रिपोर्टवर सही करण्याआधी न्यूट्रल-अर्थचा दुपारचा आकडा इंजिनिअर आणि सेंटर दोघांनी मिळून नोंदवावा, असं कलम आम्ही आता घालून घेतो. कंपन्या कुरकुरतात, पण मान्य करतात.

पिट ओला ठेवायला एसीचं पाणी त्यात सोडा, असा सल्ला सगळेच देतात. पुण्या-मुंबईकडे चालत असेल. आपल्याकडे मेमध्ये हवाच इतकी कोरडी की एसीतून पाणी जेमतेम ठिबकतं. आम्ही टाकीवरून ठिबकची नळी दोन्ही नरसाळ्यांवर आणून सोडली आहे. टेक्निशियन दुपारी दोनला मल्टिमीटर लावून न्यूट्रल-अर्थचा आकडा रजिस्टरमध्ये लिहितो. तो तीन व्होल्टच्या वर गेला, की कॉन्ट्रास्टचे रुग्ण संध्याकाळवर ढकलायचे आणि आधी पिट बघायचा.