तुम्ही विचारलंत म्हणून: विंडोजवर लागणारा मॉनिटर लिनक्सवर का लागत नाही?

एका तंत्रनिकेतनाच्या संगणक प्रयोगशाळेत माझी वीस वर्षे गेली. तिथले बहुतेक संगणक लिनक्सवर, म्हणजे विंडोजला पर्याय असलेल्या प्रणालीवर, चालत असल्यामुळे, ओळखीपाळखीतल्या कोणी घरी किंवा दुकानात लिनक्स घातले आणि गाडी अडली की फोन मलाच येतो. त्या फोनांत सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न असा असतो: "सर, मॉनिटर जोडला, पण डिस्प्ले नीट येत नाही. तोच मॉनिटर विंडोजला लावला की लगेच लागतो. लिनक्समध्ये कुठले सेटिंग बदलू?" याचे उत्तर देताना माझी दर वेळी पंचाईत होते, कारण दोष सेटिंगचा आहे हे विचारणाऱ्याने आधीच ठरवलेले असते आणि मला मात्र आधी त्याच्याकडून वायरीची दोन्ही टोके पाहून घ्यायची असतात. म्हणून हे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

कराडला टायपिंग आणि झेरॉक्सचे दुकान चालवणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे उदाहरण इथे उपयोगी पडेल. त्याच्या दुकानात व्हीजीए या जुन्या पद्धतीच्या मॉनिटर पोर्टचा जुना डेस्कटॉप आहे आणि त्यावर उबुंटू हा लिनक्सचा एक प्रकार आहे. दोन पाने शेजारी शेजारी दिसावीत म्हणून त्याने १९२० बाय १०८० रिझोल्यूशनचा एक वापरलेला मॉनिटर घेतला, पण जोडल्यावर चित्र आले ते १०२४ बाय ७६८ चे. चार-तीन प्रमाणातले ते चित्र सोळा-नऊच्या पडद्यावर ताणले गेल्यामुळे वर्तुळे अंड्यासारखी दिसत होती, अक्षरे आडवी सुटली होती आणि सेटिंगमधल्या यादीत त्याहून मोठा आकडाच नव्हता. मॉनिटर खराब निघाला की काय, या शंकेने त्याने तो भावाच्या घरी नेऊन विंडोजच्या संगणकाला लावून पाहिला, तर तिथे तो पहिल्या फटक्यात १९२० बाय १०८० वर लागला. साहजिकच खापर लिनक्सवर फुटले.

हा १०२४ बाय ७६८ चा आकडा कुठून आला, हे समजले की पुढचा बराचसा गुंता सुटतो. प्रत्येक मॉनिटरच्या पोटात एक लहानशी मेमरी असते आणि तिच्यात त्याचे ओळखपत्र लिहिलेले असते. त्याला ईडीआयडी म्हणतात. व्हेसा या संस्थेने त्याचा पहिला नमुना १९९४ मध्ये ठरवून दिला. ओळखपत्राचा मूळ भाग फक्त १२८ बाइटांचा असतो. त्यात उत्पादकाची तीन अक्षरे, पडद्याची लांबी-रुंदी आणि त्याला पसंत असलेले रिझोल्यूशन ही माहिती असते, आणि शेवटचा बाइट असा निवडलेला असतो की सर्व १२८ बाइटांच्या बेरजेला २५६ ने भागल्यावर बाकी शून्य उरावी. चित्र ज्या तारांतून जाते त्या तारांतून हे ओळखपत्र येत नाही. त्यासाठी त्याच केबलमध्ये दोन वेगळ्या बारीक तारा असतात. त्या तुटलेल्या असल्या तर चित्र येते, पण समोर कोण आहे हे संगणकाला कळत नाही. अशा वेळी लिनक्सचे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, उगाच धाडस करत नाही आणि कोणत्याही मॉनिटरला झेपेल अशा १०२४ बाय ७६८ वर थांबते. माझ्या मते हे त्याचे वागणे बरोबरच आहे, मात्र थांबण्याचे कारण ते समोर सांगत नाही, हा दोष मी मान्य करतो.

ओळखपत्र पोचले की नाही हे पाहण्याची सोय कर्नलने करून ठेवलेली आहे. सिस, त्याच्या आत क्लास, त्याच्या आत डीआरएम अशा फोल्डरांत उतरले की ग्राफिक्सच्या प्रत्येक पोर्टसाठी एक फोल्डर दिसते आणि त्या प्रत्येकात स्टेटस आणि ईडीआयडी नावाच्या फाइली असतात. स्टेटस फाइल कॅट कमांडने वाचली की सहसा कनेक्टेड किंवा डिसकनेक्टेड एवढाच एक शब्द मिळतो. ईडीआयडीच्या फाइलबाबत मात्र अनेक जण फसतात: फाइलींची यादी काढली तर तिचा आकार नेहमी शून्यच दाखवला जातो, मग आत मजकूर असो वा नसो. म्हणून ती डब्ल्यूसी कमांडला सी हा पर्याय देऊन मोजावी लागते. उत्तर १२८ किंवा त्याच्या पटीत (बहुधा २५६) आले तर ओळखपत्र पोचले, शून्य आले तर पोचले नाही. कराडच्या संगणकावर स्टेटस कनेक्टेड होते आणि बाइट शून्य.

मग मी त्याला वायर काढून तिच्या टोकाचा फोटो पाठवायला सांगितले. व्हीजीएच्या टोकात पाच-पाच पिनांच्या तीन ओळी असतात. पहिल्या ओळीतल्या पहिल्या तीन पिना लाल, हिरवा आणि निळा रंग नेतात. तिसऱ्या ओळीतल्या तेराव्या आणि चौदाव्या पिना आडवी-उभी लय सांभाळतात. आणि त्याच ओळीतल्या बाराव्या आणि पंधराव्या पिनांवरून ओळखपत्र येते. मधल्या ओळीतली नववी पिन नसलेल्या केबली सर्रास मिळतात आणि त्यामुळे सहसा काही बिघडत नाही. त्याच्या फोटोत मात्र तिसऱ्या ओळीत पाचाऐवजी तीनच पिना होत्या. तुटलेल्या किंवा वाकलेल्या नव्हत्या, तर मुळात बसवलेल्याच नव्हत्या. रंग होते, लय होती, म्हणून चित्र स्वच्छ येत होते आणि केबलवर संशय घ्यायचे कोणाच्या मनात येत नव्हते.

भावाकडे मॉनिटर चालला कसा, याचा उलगडा त्यानंतर झाला. तिथे मॉनिटर नेला होता, वायर नेली नव्हती. भावाच्या संगणकाला आधीपासून लावलेली वायर वापरली होती. म्हणजे तुलना विंडोज आणि लिनक्सची झालीच नव्हती, दोन वायरींची झाली होती. "विंडोजवर चालतो" हे वाक्य ऐकले की मी आता पहिला प्रश्न हाच विचारतो की वायर तीच होती का, संगणक तोच होता का आणि पोर्ट तेच होते का. एकाच संगणकावर दोन्ही प्रणाली असतील आणि वायरीला हात न लावता फक्त प्रणाली बदलून पाहिले असेल, तरच त्या वाक्याला वजन आहे.

दरम्यान त्याने स्वतःच्या बुद्धीने एक उद्योग करून ठेवला होता, तो सांगायलाच हवा, कारण बहुतेक जण हाच करतात. इंटरनेटवरून शोधून त्याने सीव्हीटी नावाच्या कमांडने १९२० बाय १०८० चा एक नवा मोड, म्हणजे चित्र पाठवण्याचा आराखडा, तयार केला, एक्सरँडआर या कमांडने तो जोडला आणि त्या ओळी संगणक सुरू होताच चालाव्यात अशा फाइलीत टाकल्या. परिणाम असा झाला की लॉगिन केले रे केले की पडदा काळा होई आणि मधोमध मॉनिटरची स्वतःची पाटी येई: आउट ऑफ रेंज. कारण साधे आहे. सीव्हीटी नुसते चालवले तर ते जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरला चित्राभोवती लागणारी मोकळी जागा धरून हिशेब करते आणि १७३ मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १७ कोटी ३० लाख बिंदूंचा, मोड देते. टीव्ही आणि सपाट मॉनिटर ज्या प्रमाणित मोडवर चालतात त्यात मोकळी जागा धरून आडवे २२०० आणि उभे ११२५ बिंदू असतात. त्या दोन आकड्यांच्या गुणाकाराला सेकंदाच्या ६० चित्रांनी गुणले की १४ कोटी ८५ लाख, म्हणजे १४८.५ मेगाहर्ट्झ होतात. सीव्हीटीला आर हा पर्याय दिला तर मोकळी जागा आणखी कमी होऊन आकडा १३८.५ वर येतो. त्याच्या मॉनिटरला १७३ झेपत नव्हते. कंट्रोल, आल्ट आणि एफ-३ दाबून तो अक्षरी पडद्यावर गेला, तिथे कर्नलचे १०२४ बाय ७६८ चे चित्र होतेच, आणि त्याने त्या फाइलीचे नाव बदलले. नवी वायर लावल्यावर कोणत्याही कमांडशिवाय १९२० बाय १०८० आपोआप आले. ती जुनी फाइल तशीच राहिली असती, तर नव्या वायरीवरही पडदा काळाच झाला असता.

यावरून मी माझा क्रम ठरवला आहे. कर्नलला मॉनिटर दिसतो का, हे आधी पाहायचे. स्टेटसमध्ये डिसकनेक्टेड असेल तर सेटिंगच्या खिडकीत तासभर बसूनही काही निष्पन्न होणार नाही. दोष वायर, कन्व्हर्टर, पोर्ट किंवा ड्रायव्हर (ग्राफिक्सची चिप चालवणारा कार्यक्रम) यांच्यापैकी कशात तरी आहे. (एकदा मी स्वतः दोन संध्याकाळी घालवल्यानंतर लक्षात आले होते की मॉनिटरच्या मेनूत इनपुट व्हीजीएवर होते आणि वायर एचडीएमआयमध्ये. ते मी कोणाला सांगत नाही.) स्टेटस कनेक्टेड असेल, बाइट पोचले असतील आणि तरीही पडदा काळा असेल, तरच डेस्कटॉपच्या सेटिंगकडे वळायचे.

लिनक्सच्या पदरात टाकावेच लागतील असे दोषही आहेत आणि ते मी झाकणार नाही. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपांत हे फार दिसते. त्यांतल्या अनेक मॉडेलांत एचडीएमआयचे सॉकेट थेट एनव्हिडियाच्या चिपला जोडलेले असते. बॅटरी वाचवण्यासाठी कोणी प्राइम-सिलेक्ट या कमांडने फक्त इंटेलची चिप चालू ठेवली, की ते सॉकेट मुके होते. कित्येकदा डीआरएमच्या यादीत एचडीएमआय हे नावच उरत नाही. सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही नसलेला कार्यक्रम सुरुवातीलाच अडवणारी सोय, चालू असेल तर आणखी एक सापळा आहे. ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगितले जाते आणि पुढच्या वेळी संगणक सुरू होताना एक निळा पडदा येतो. त्यावर एनरोल एमओके निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. तो पडदा काही सेकंदच थांबतो, घाईतला माणूस पुढे जाण्याचा पर्याय दाबतो, आणि सही न पटलेला ड्रायव्हर कर्नल दारातच अडवते. लॅपटॉपचा स्वतःचा पडदा इंटेलवर व्यवस्थित चालत राहतो, त्यामुळे ड्रायव्हर लागलाच नाही, हे कित्येक दिवस लक्षातही येत नाही. एलएसपीसीआय कमांडला के हा पर्याय देऊन कोणत्या चिपला कोणता ड्रायव्हर लागला आहे ते पाहावे, म्हणजे अंदाज बांधावा लागत नाही.

"कालपर्यंत चालत होता, अपडेट केले आणि बंद पडला" ही तक्रारही याच घरची. एनव्हिडियाचा ड्रायव्हर किंवा यूएसबीच्या डॉकला (मॉनिटर वगैरे जोडायच्या जोडपेटीला) लागणारा डिस्प्लेलिंकचा ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो आणि ते बांधकाम कधी कधी मध्येच फसते. अशा वेळी सुरुवातीच्या ग्रब मेनूत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन आधीचे कर्नल निवडून पाहावे. मॉनिटर लागला तर चोर सापडला.

वेलँडचा गोंधळ वेगळा. वेलँड आणि एक्स-११ या पडद्यावर खिडक्या काढणाऱ्या नव्या आणि जुन्या यंत्रणा. उबुंटूने २१.०४ या आवृत्तीपासून वेलँड हे मूळ सत्र केले, म्हणजे लॉगिन केले की तीच यंत्रणा सुरू होते, पण इंटरनेटवरचे निम्मे सल्ले अजून एक्स-११ च्या काळातले आहेत. वेलँडमध्ये एक्सरँडआर चालवले तर ते उत्तर देते, पण ते जुन्या कार्यक्रमांसाठी उभ्या केलेल्या नकली पडद्याकडून आलेले असते. तिथे मोड जोडून खऱ्या मॉनिटरवर काही होत नाही. आपण कोणत्या सत्रात आहोत हे एक्सडीजी सेशन टाइप या चलाची किंमत छापून कळते, आणि सल्ला अमलात आणण्यापूर्वी तेवढे करावे.

ग्नोम या उबुंटूतल्या नेहमीच्या डेस्कटॉपबद्दल (खिडक्या आणि मेनू दाखवणाऱ्या कार्यक्रमाबद्दल) एकच सांगतो: मॉनिटरांची मांडणी तो घरच्या कॉन्फिग फोल्डरमधल्या मॉनिटर्स या एक्सएमएल फाइलीत लक्षात ठेवतो. मांडणी विचित्र झाली, खिडक्या प्रत्यक्षात न जोडलेल्या पडद्यावर उघडू लागल्या, तर ती फाइल बाजूला ठेवून पुन्हा लॉगिन करावे. टीव्हीवर कडा कापल्या जात असतील तर आधी टीव्हीच्या मेनूत पाहावे, संगणकात नव्हे.

फोर-के (१९२० बाय १०८० च्या चौपट बिंदूंचा) मॉनिटर घेणाऱ्यांची तक्रार अशी की चित्र येते, पण माऊसचा बाण अडखळतो. ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांनी, फोर-के चालवायला ५९४ मेगाहर्ट्झ लागतात, एचडीएमआय १.४ या जुन्या आवृत्तीची मर्यादा ३४० आहे, म्हणून जुना लॅपटॉप ३० हर्ट्झवर समाधान मानतो. हे कोणत्याही कमांडने बदलत नाही. त्या लॅपटॉपला डिस्प्लेपोर्ट असेल तर तो वापरावा. यूएसबी-सी असेल तर त्यातून चित्र बाहेर येते का, हे आधी त्याच्या माहितीपत्रकात पाहावे, कारण दिसायला सारखी असलेली सगळी सॉकेटे चित्र देत नाहीत.

तेव्हा यापुढे मला फोन करण्यापूर्वी चार गोष्टी लिहून घ्याव्यात: सत्र वेलँडचे की एक्स-११ चे, स्टेटस फाइलीतला शब्द, ईडीआयडीचे मोजलेले बाइट आणि एलएसपीसीआयमधल्या ग्राफिक्सच्या ओळी. काळ्या पडद्याचा फोटो पाठवू नये, त्यात मला काहीच दिसत नाही. वायरीच्या दोन्ही टोकांचा पाठवावा, उजेडात काढलेला.