आमची वाटचाल: गल्ल्यापाशी ताटकळलेलं गिऱ्हाईक

नौपाड्यातल्या घरच्या स्वयंपाकघरात २०१४ साली थालीपीठाची भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला अशा तीनच जिनसांवर आम्ही सुरुवात केली. पुढे वागळे इस्टेटमध्ये गाळा घेतला, चारजणी कामाला आल्या. २०२०च्या टाळेबंदीत भाच्याने वूकॉमर्सवर (वर्डप्रेसच्या संकेतस्थळावर दुकान मांडायचं सॉफ्टवेअर) ऑनलाइन दुकान उभं करून दिलं आणि इंदूर-बडोद्यापर्यंतची मराठी घरं जोडली गेली.

२०२३च्या दिवाळीआधी डोंबिवलीच्या एका आजींचा फोन आला. "अगं, पैसे भरायच्या पानावर नुसतं चक्र फिरतंय. मी दोनदा बटण दाबलं. दोनदा पैसे गेले का गं?" गेले होते. एका ऑर्डरचे त्याच संध्याकाळी परत केले, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. भाजणी निवडून, पत्ता लिहून, पैसे काढून उभ्या असलेल्या माणसाला आम्ही ताटकळत ठेवत होतो.

होस्टिंगवाल्यांनी, म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर दुकान चालतं त्यांनी, आम्हाला कॅशेचं प्लगइन (तयार पानं साठवून ठेवणारं जोड-सॉफ्टवेअर) घ्यायला लावलं. मुख्य पान झटकन उघडू लागलं, कार्ट, म्हणजे खरेदीची पिशवी, मात्र होती तितकीच संथ. कारण समजलं तेव्हा ते मला अगदी ओळखीचं वाटलं. मुख्य पान सगळ्यांना सारखंच, म्हणून पाकीटबंद भाजणीसारखं तयार ठेवता येतं. कार्ट ज्याची त्याची. ती साठवून ठेवली तर एकाची पिशवी दुसऱ्याच्या हातात जायची. म्हणून कार्ट आणि चेकआउट (पैसे भरायचं पान) कॅशेतून वगळलेलीच असतात आणि सर्व्हर ती दर वेळी नव्याने रांधतो. वेळ वाचवायचा तर त्या रांधण्यातच वाचवायला हवा होता.

भाच्याने क्वेरी मॉनिटर हे तपासणीचं प्लगइन लावून पान नेमकं कुठे अडतं ते पाहिलं. सगळ्यात जास्त वेळ खात होता कुरिअरचा दर. गिऱ्हाइकाने पिनकोड टाकला किंवा अर्ध्याचा एक किलो केला, की आमचं दुकान कुरिअर कंपनीच्या सर्व्हरला दर विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबून राहायचं. वास्तविक आमचे दर तीनच: ठाणे-मुंबई, उरलेला महाराष्ट्र आणि बाहेर. हा तक्ता माझ्या तोंडपाठ होता, तोच वजनासकट दुकानात भरला. पहिल्यांदा '४० ते ४४ने सुरू होणारे पिनकोड म्हणजे महाराष्ट्र' असं धरलं आणि गोव्याच्या ऑर्डरींनाही राज्यातला दर लागला, कारण गोव्याचे पिनकोड ४०३ने सुरू होतात. मग राज्याच्या नावावरून विभाग केले.

दुसरी अडचण 'ऑर्डर द्या' बटणामागची. एसएमएस, ईमेल आणि हिशेबाची नोंद ही तिन्ही कामं उरकल्यावरच धन्यवादाचं पान दिसायचं. आजींनी दुसऱ्यांदा बटण दाबलं ते त्याच फटीत. आता ऑर्डर नोंदली की पान लगेच दिसतं, बाकीची कामं मागच्या रांगेत लागतात. निरोप मिनिटभराने गेला तरी कोणाचं काही बिघडत नाही. बटणही एकदा दाबलं की बंद होतं.

बाकीची सफाई भराभर झाली. सर्व्हर अमेरिकेतून मुंबईत आणला. काढून टाकलेल्या प्लगइनांचा कचरा डेटाबेसमध्ये पडून होता आणि दर पानाबरोबर उचलला जात होता. असा ऑटोलोडचा, म्हणजे आपोआप उचलल्या जाणाऱ्या माहितीचा, पसारा ८०० केबीवर गेला की हल्ली वर्डप्रेसच इशारा देतं. आमचा त्याच्या कितीतरी पुढे होता. आधी बॅकअप घेतला, मगच झाडू फिरवला.

एका गोष्टीला मी मुद्दाम नकार दिला. ऑर्डरी डेटाबेसच्या वेगळ्या तक्त्यांत साठवण्याची नवी पद्धत वूकॉमर्स ८.२पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२३पासून, नव्या दुकानांना आपोआप मिळते. आमचं दुकान जुनं, त्यामुळे सगळ्या ऑर्डरी हलवाव्या लागणार होत्या. ऐन फराळाच्या हंगामात हे नको, असं मी म्हणाले. मार्चमध्ये, चाचणीच्या प्रतीवर दोन आठवडे पाहून, मगच केलं.

आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी ठाणे स्टेशनच्या फलाटावरून, वायफाय न वापरता, साध्या फोनवरून मेतकुटाचं एक पाकीट मागवते. पत्ता आमच्याच गाळ्याचा असतो. गेल्या वेळी पैसे भरून झाले तेव्हा कल्याण लोकल अजून फलाटावर यायची होती.