नाणेघाटात भरलेला चौथीचा वर्ग

शाळेच्या सहलीत किती ठिकाणं दाखवली, यावरून सहल चांगली की वाईट हे ठरवायची पद्धत मला मुळीच पटत नाही. पहाटे एसटी निघते. दोन देवस्थानं, एक धरण, एक किल्ला, एक बाग, जमलं तर वॉटर पार्क, आणि रात्री उशिरा पेंगुळलेली मुलं पालकांच्या हवाली. दुसऱ्या दिवशी वर्गात ‘काय पाहिलं?’ विचारावं, तर गाडीत कोणाला उलटी झाली आणि खिडकीची जागा कोणाला मिळाली, एवढंच निघतं. मुलांचा यात काहीच दोष नाही. कुठेच अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबू दिलं नाही, तर ती बिचारी पाहणार काय?

म्हणून यंदा चौथीच्या सहलीची जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा मी दोनच ठिकाणं लिहून दिली. सकाळी शिवनेरी, दुपारनंतर नाणेघाट. यादी एवढी छोटी का, असं पालकसभेत विचारलं गेलं. एक जण म्हणाले, “बाई, नाणेघाटात पावसाळ्यात उलटा धबधबा असतो म्हणतात. थंडीत तिथं काय आहे?” मी म्हटलं, “आकडे आहेत.” त्यांना ते फारसं रुचलं नाही, पण संमतीपत्रावर सही केली.

नाणेघाट म्हणजे कोकणातून जुन्नरकडे चढणारी जुनी व्यापारी वाट, आणि तिथे मालावर जकात घेत असत. म्हणून सहलीच्या आधीचे दोन आठवडे आमच्या वर्गात जकातीचा नाका उभा होता. चार बाकं आडवी लावून घाट केला, मधे एकच वाट ठेवली. खाली कोकण, वर जुन्नर. काही मुलं व्यापारी झाली. कोणाकडे मिठाची पोती (म्हणजे दप्तरंच), कोणाकडे कापड, कोणाकडे सुपारी. दोघं जकात घेणारे आणि एक हिशेबनीस. खेळातल्या नोटा आणि नाणी आमच्या गणित पेटीत होतीच. पहिल्या दिवशी नाक्यावर फक्त भांडणं झाली. दुसऱ्या दिवशी हिशेबनिसाने फळ्यावर दर लिहिले: पोत्याला इतके, बैलाला इतके. मग व्यापाऱ्यांना हिशेब करूनच घाट चढावा लागला. गठ्ठे-सुट्टे करून जी मुलं दशक-शतक मोजायला कंटाळायची, ती नाक्यावर शंभराचे सुटे मागायला लागली, कारण सुटे नसले की मागे रांग खोळंबायची आणि मागचे ओरडायचे.

शाळेबाहेर जाण्याआधी मुलांच्या मनात एखादा प्रश्न तयार असायला हवा, हे माझं ठाम मत आहे. प्रश्न नसेल तर लेणी म्हणजे नुसती भिंत आणि किल्ला म्हणजे नुसता चढ.

शिवनेरीवर सकाळ गेली. चौथीला परिसर अभ्यासाच्या भाग दोनमध्ये शिवछत्रपतींचाच इतिहास आहे, त्यामुळे मुलांना १६३० हे साल तोंडपाठ होतं. जन्मस्थानाच्या इमारतीपाशी शाळांच्या इतक्या रांगा लागल्या होत्या की आमची मुलं एकमेकांचे शर्ट धरून पुढे सरकत होती. दरवाजे मात्र त्यांनी मनापासून मोजले. सातवा लागला तेव्हा एकच गलका झाला.

जुन्नर सोडून आपटाळे, चावंड करत घाटघरचा रस्ता धरला, तसा माझा जीव शांत झाला. गर्दी मागे पडली. डाव्या-उजव्या हाताला डोंगर, मधेच भाताची कापणी झालेली खाचरं, आणि समोर जीवधन किल्ल्याचा कडा. जेवण घाटघरमध्ये एका घरी सांगून ठेवलं होतं. अंगणात पंगत बसली. पिठलं, तांदळाची भाकरी, लाल चटणी, भात. आमच्याकडे बाजरीची भाकरी, त्यामुळे पांढरी भाकरी पाहून मुलं आधी बुजली आणि मग दुसऱ्यांदा मागायला लागली. ज्या मावशींनी जेवण केलं त्या एकेका मुलापाशी बसून वाढत होत्या. सहलीतल्या हॉटेलांमध्ये लहान मुलांना ताटं आपटून वाढतात, त्याचा मला नेहमी राग येतो. इथे मात्र “बाळा, अजून घे, अजून चढायचंय तुला,” असं चाललं होतं.

एका मुलाने मावशींना विचारलं, “तुम्ही कधी घाट उतरलाय का?”

“मी खालचीच आहे की रे. वैशाखऱ्याकडची. लग्न झालं तवा घाट चढूनच इथं आले. सगळं वऱ्हाड पायी.”

पंगतीत एकदम शांतता. मग आमच्या वर्गातल्या नाक्यावर जकात घेणारी मुलगी अगदी गंभीरपणे म्हणाली, “मग तुम्हाला जकात द्यावी लागली?” मावशी पोट धरून हसल्या. पण मुलांच्या दृष्टीने तो प्रश्न खराच होता. ज्या वाटेचा खेळ त्यांनी बाकांमध्ये खेळला, त्या वाटेने आलेलं माणूस त्यांना भाकरी वाढत होतं. पुस्तकात ‘प्राचीन व्यापारी मार्ग’ असे तीन शब्द असतात. त्यातून वऱ्हाडही चालत गेलेलं असतं, हे कोणी सांगत नाही.

घाटमाथ्यावर पहिली भेट रांजणाची. दगडात कोरलेला मोठा रांजण. याच्यात जकातीची नाणी टाकत असत असं सांगतात, आणि घाटाचं नावही त्यावरूनच पडलं म्हणतात. मुलांनी हात धरून त्याला वेढा घातला. सुतळी गुंडाळून घेर मोजला, मग तीच सुतळी जमिनीवर ताणून विती मोजल्या. प्रत्येकाच्या विती वेगळ्या आल्यावर वाद सुरू झाला. तो मिटवायला मी मुद्दामच मधे पडले नाही. शेवटी एकीने पट्टी काढली आणि सगळ्यांना मान्य झालं की पट्टी याचसाठी असते. मोजमापाचा धडा मी वर्गात तीनदा घेतला असता तरी एवढा भिनला नसता.

“बाई, रांजण उघड्यावर ठेवला तर पैसे चोरीला नाही का जाणार?” या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही. खिंडीतून खाली लेण्यापाशी गेलो, तिथे त्यांचं त्यांनाच सुचलं, “पहारेकरी इथं बसत असणार!”

खिंड अरुंद आहे. दोन्ही बाजूंना कातळ आणि मधून दगडी पायऱ्यांची वाट कोकणाकडे उतरते. आम्ही दोरी धरून, एका मागे एक असे उतरलो. नानाचा अंगठा म्हणतात त्या टोकाकडे मुलांना नेलंच नाही. तिथला कडा सरळ तुटलेला आहे आणि लहान मुलांना घेऊन त्या टोकावर फोटो काढणाऱ्या मोठ्या माणसांची मला कमाल वाटते.

पुढे लेणं. खरं तर ही सगळी सहल या एका लेण्यासाठीच होती. सातवाहन राजांच्या काळातलं, साधं, चौकोनी. मागच्या भिंतीवर कधीकाळी राजघराण्यातल्या व्यक्तींच्या आकृती कोरलेल्या होत्या. आज त्या गेल्या आहेत, पावलांच्या जागी थोड्या खुणा उरल्या आहेत आणि वर ब्राह्मी लिपीत नावं. सिमुक, सातकर्णी, राणी नागनिका. बाजूच्या भिंतींवर लांबलचक लेख आहे. तो नागनिकेचा मानला जातो. तिने केलेले यज्ञ आणि त्यात दिलेलं दान यांची ती नोंद आहे. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला हा लेख. त्यात संख्या कोरलेल्या आहेत, आणि भारतातल्या अंकांचा इतिहास सांगताना नाणेघाटाचं नाव हमखास येतं ते त्यामुळेच. एकोणिसाव्या शतकात पंडित भगवानलाल इंद्रजींनी या अंकांचा अभ्यास केला.

आम्ही पोचलो तेव्हा आत एक मोठा गट होता. मोबाइलवर गाणी मोठ्याने लावलेली, भिंतीला पाठ टेकून फोटो चाललेले. दोन हजार वर्षं टिकलेली अक्षरं त्यांच्या दप्तरांनी घासली जात होती. मी विनंती केली, तर “मॅडम, आम्ही पण बघायलाच आलोय,” असं उत्तर आलं. पाच-दहा मिनिटांत ते गेले. सोबत आलेल्या दुसऱ्या शाळेच्या शिक्षकांनी मुलांना आत घेतलं, ओळीत उभं केलं, फोटो काढला आणि “चला, चला, अजून लेण्याद्री राहिलीय” म्हणत बाहेर नेलं. त्या मुलांतला एक मागे वळून भिंतीकडे पाहत होता. मला त्याचं फार वाईट वाटलं.

आमची मुलं फरशीवर बसली. प्रत्येकाकडे मी वहीच्या कागदावर काढून दिलेला तक्ता होता: एकाची खूण म्हणजे एक आडवी रेघ, दोनाची दोन आडव्या रेघा, मग चार, सहा, सात, दहा, वीस, शंभर, हजार. लेख झिजलेला आहे, उन्हाचा कोन बदलला की अक्षरं दिसतात आणि हरवतात, त्यामुळे शोधायला चिकाटी लागते. हात न लावता, बोट हवेत धरून शोधायचं असा नियम होता. बारा गाई आणि एक घोडा असं एका दानात आहे. बारा तिथे शब्दातही लिहिले आहेत आणि खुणेतही. दहाची खूण, तिच्या शेजारी दोन रेघा. ‘बाई, अक्षरी आणि अंकी! आपल्यासारखंच!’ असं कोणीतरी ओरडलं आणि मग सगळ्यांना ते पाहायचं होतं.

मग मी त्यांना मोठी संख्या सांगितली. एका दानात २४,४०० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, दिल्याचं लिहिलं आहे. वीस हजाराची एक खूण, चार हजाराची एक, चारशेची एक.

“म्हणजे तीनच?” एक मुलगा बोटं मोजत म्हणाला. “आपल्याला पाच अंक लागतात.”

“मग त्यांचं सोपं.”

“सोपं कसं? वीस हजाराची खूण वेगळी पाठ करायची, चार हजाराची वेगळी.”

“आणि शून्य कुठंय?”

हा शेवटचा आवाज ज्या मुलीचा होता, ती वर्गात गणिताच्या तासाला मान वर करत नाही. २०४ आणि २४ यांत तिचा नेहमी गोंधळ व्हायचा. मी म्हटलं, “तूच शोध.” ती बराच वेळ तक्ता बघत राहिली. कोणी मधे बोलायला लागलं की मी हाताने थांबवत होते. मग ती म्हणाली, “त्यांना शून्य लागतच नाही. चारशेची खूण बघितली की चारशेच. आपला चार नुसता चारच असतो. म्हणून आपल्याला त्याच्यामागं दोन शून्यं उभी करावी लागतात, त्याची जागा धरायला.”

स्थानिक किंमत मी बरीच वर्षं शिकवते आहे. काड्यांचे गठ्ठे, मण्यांच्या माळा, तक्ते, सगळं करून झालं आहे. शून्य जागा धरून ठेवतं, हे दहा वर्षांच्या मुलीने स्वतः शोधून, स्वतःच्या शब्दांत म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं. माझे डोळे भरून आले आणि मला ते लपवावंसंही वाटलं नाही.

ड्रायव्हरकाकांनी वरून दोनदा हाक मारली तरी आम्ही तिथे बसून होतो. पालकांनी भरलेल्या पैशांत एसटीचं भाडं आणि जेवण एवढाच मुख्य खर्च होता. शाळेच्या सहलींना एसटी भाड्यात निम्मी सवलत देते, तिच्यामुळेच तर आमच्यासारख्या शाळांना हे जमतं. लेणं पाहायला एक पैसा लागला नाही. महागड्या बागेचं तिकीट काढणाऱ्या शाळांना मला हे ओरडून सांगावंसं वाटतं.

परतीच्या प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही, निम्मा वर्ग झोपला होता.

सोमवारी मुलांनी आपणहून फळ्यावर नाणेघाटी खुणा काढल्या. नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवपर्यंत लिहायचं तर किती खुणा लागतील? एककाच्या नऊ, दशकाच्या नऊ, शतकाच्या नऊ, हजाराच्या नऊ. छत्तीस. आपल्याला शून्य धरून दहा. यातल्या कित्येक खुणा लेखात सापडत नाहीत, म्हणून मुलांनी स्वतः बनवल्या. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की या खुणांनी बेरीज करून बघू. २७ अधिक १५. उभी मांडणी केली, पण सात आणि पाचाचे बारा झाल्यावर त्यातला दहा नेऊन वीस आणि दहाच्या खुणांशी मिळवावा लागला आणि चाळिसाची नवीच खूण काढावी लागली. “म्हणजे हातचा हाच!” असं एकाने म्हटलं. त्या दिवशीचं वेळापत्रक मी बाजूला ठेवलं आणि आम्ही दुपारच्या सुट्टीपर्यंत हातच्याच्याच बेरजा करत बसलो, एकदा त्यांच्या खुणांनी, एकदा आपल्या अंकांनी.